केसपेपर नसलेली दुखापत

वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या बाईला मारहाणीच्या खुणा वाचता येतात. माणूस पडला की लागतं ते तळहाताला, गुडघ्याला, हनुवटीला, म्हणजे शरीराच्या पुढे आलेल्या हाडाळ भागांना. मारलं की लागतं ते दंडाच्या आतल्या बाजूला, कानामागे, मानेवर, पाठीवर. आणि वार अडवायला हात वर गेला असेल तर कोपराखाली, करंगळीच्या बाजूने. एकाच अंगावर नव्या-जुन्या जखमा, दवाखान्यात उशिरा येणं, हकीकत आणि जखम यांचा मेळ न बसणं, सोबत आलेल्या माणसानेच सगळी उत्तरं देणं, हे सगळं तिने परीक्षेत लिहिलेलं असतं आणि कॅज्युअल्टीत पाहिलेलंही असतं. तीच बाई सकाळी लांब बाह्यांचा ॲप्रन घालून राउंडला येते आणि सिस्टरने विचारलंच तर ‘कपाटाचं दार लागलं’ म्हणते.

यावर लोकांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर असून?’ शिकलेली, कमावती, जिच्या शब्दावर लोक औषधं घेतात अशी बाई घरी मार कशी खाते? या प्रश्नात एक गृहीतक लपलेलं आहे, की डॉक्टर असणं म्हणजे संरक्षण. आमचं म्हणणं बरोबर उलटं आहे. बऱ्याचदा डॉक्टर असल्यामुळेच ती जास्त काळ अडकून राहते, आणि तिच्या रुग्णांवर याचा काय परिणाम होतो हे आपण बहुतेक वेळा चुकीच्या जागी शोधतो.

आधी व्याप्ती बघू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात साधारण दर ३ स्त्रियांपैकी एकीने आयुष्यात कधीतरी जोडीदाराची शारीरिक वा लैंगिक हिंसा किंवा इतर कुणाची लैंगिक हिंसा सोसलेली असते. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या रुग्णालयात ४७१ स्त्री आरोग्य कर्मचाऱ्यांची, म्हणजे डॉक्टर, परिचारिका आणि इतर व्यावसायिकांची, पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. मागच्या १२ महिन्यांत जोडीदाराकडून हिंसा झाल्याचं ११.५ टक्के जणींनी सांगितलं. आयुष्यभराचा आणि घरातल्या इतरांचाही हिशेब धरला तर आकडा ४५ टक्क्यांवर गेला. म्हणजे घरगुती हिंसेवरचं ट्रेनिंग ज्या सभागृहात चालतं, तिथल्या खुर्च्यांवरच त्या विषयातल्या रुग्ण बसलेल्या असतात. आणि समोरचा वक्ता मात्र तासभर ‘अशा बायका’, ‘या बायका’ असं बोलत राहतो.

ती अडकते कशी? एक कारण थेट तिच्या पेशातून येतं. वागण्यात बिघाड दिसला की त्यामागचा आजार शोधायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं असतं. नवऱ्याने वस्तू फेकल्या, की तिच्या डोक्यात संभाव्य निदानांची यादी सुरू होते: नैराश्य, दारू, लहानपणीचा आघात, अपुरी झोप, अगदी थायरॉइडसुद्धा. ती त्याच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ शोधते, अपॉइंटमेंट घेते, गोळ्यांच्या वेळा सांभाळते. नवरा पेशंट झाला की ती बायको राहत नाही, उपचार करणारी होते. आणि उपचार अर्धवट टाकून जाणारा डॉक्टर कसला? अशी वर्षं जातात. खरं तर तपासायची गोष्ट साधी आहे. आजार असेल तर तो माणूस निवडत नाही. हा साहेबावर ओरडत नाही, शेजाऱ्यावर हात उचलत नाही, मारता मारता फोन वाजला तर त्याचा आवाज क्षणात मवाळ होतो, आणि संतापाच्या भरात फुटतात त्या वस्तू नेमक्या तिच्या असतात. दारूने हिंसा अधिक घातक होते हे खरं, पण पिऊन आलेला माणूसही कुणाला मारायचं हे विसरत नाही.

दुसरं कारण रेसिडेन्सीत, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेत वॉर्डात राबण्याच्या काळात, तयार होतं. भूक, झोप, लघवी, ताप यांपैकी कशासाठीही काम थांबवायचं नाही, तक्रार करणारा कच्चा, हे तिथे कुणी न शिकवता शिकलं जातं. शरीराची हाक दाबायची ही सवय हॉस्पिटलात गुण ठरते, घरी घात करते. शिवाय लाज. हृदय बंद पडलेल्या रुग्णाभोवती जी सहा जणांना खणखणीत सूचना देते, तीच घरी भावाला फोन करू का म्हणून नवऱ्याला विचारते. या दोन बायकांमधलं अंतर जितकं मोठं, तितकं ते कुणाला सांगणं कठीण.

डॉक्टरवर होणाऱ्या हिंसेची काही रूपं तिच्या पेशातूनच घडतात. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आदल्या रात्री भांडण निघतं आणि पहाटेपर्यंत चालतं. हे योगायोगाने दर वेळी होत नाही. पगार चांगला असतो, पण खातं त्याच्या हातात असतं आणि क्लिनिकसाठीची कर्जं तिच्या नावावर. नाइट ड्यूटीच्या सहकाऱ्यांवरून संशय, दर तासाला व्हिडिओ कॉल, वॉर्डात असल्याचा फोटो मागणं. सगळ्यांत परिणामकारक धमकी मात्र एका वाक्याची असते: ‘तुझ्या मेडिकल कौन्सिलला कळवतो, तू मनोरुग्ण आहेस म्हणून.’ ती खरोखरच झोपेची किंवा नैराश्याची गोळी घेत असेल (आणि अशा घरात राहून घेत नसेल तरच नवल), तर या धमकीपुढे ती गप्प होते. कौन्सिलकडचं रजिस्ट्रेशन, म्हणजे डॉक्टरकी करायचा परवाना, गेलं तर उत्पन्न जाईल, उत्पन्न गेलं तर बाहेर पडायचा रस्ता जाईल, मुलांचा ताबाही जाईल, एवढं गणित तिला दोन सेकंदांत मांडता येतं.

नवराही डॉक्टर असेल तर गोष्ट आणखी अवघड होते. कपड्यांखाली झाकलं जाईल असं कुठे मारायचं हे त्याला कळतं. तिचे वरिष्ठ त्याचे मित्र असतात. तिला ‘शांत’ करायचं औषध तो स्वतः लिहू शकतो. हॉस्पिटलच्या संगणकात तिची फाइल उघडून बघू शकतो. ब्रिटनमध्ये २१ महिला डॉक्टरांच्या सविस्तर मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यातही गुप्ततेची भीती आणि ‘डॉक्टरच्या बाबतीत असं होत नसतं’ ही समजूत याच मदत मागण्यातल्या मोठ्या आडकाठ्या म्हणून पुढे आल्या.

त्यामुळे होतं असं की तिच्या दुखापतीचा केसपेपरच निघत नाही. ओठ फाटला तर चिकटपट्टी तीच लावते. बोट मोडलं असं वाटलं तर एक्स-रे ओळखीने, नोंद न करता निघतो. कानाचा पडदा फाटल्याचं ईएनटीचा मित्र कॉरिडॉरमध्ये पाहून सांगतो. दुसऱ्या बाईच्या बाबतीत ती कधीही करणार नाही असा हा उपचार आहे, आणि त्याचं खरं नुकसान पुढे कळतं. चार वर्षांनी न्यायालयात उभं राहायची वेळ येते तेव्हा कागदावर ती ठणठणीत असते.

यात एक दुखापत अशी आहे की तिथे स्वतःचा उपचार जिवावर बेतू शकतो: गळा दाबणं. मानेतल्या रक्तवाहिन्यांवर पुरेसा दाब पडला तर साधारण १० सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. नंतर बाहेरून कित्येकदा काहीच दिसत नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत किंवा पापण्यांवर रक्ताचे बारीक ठिपके, काही क्षणांचं न आठवणं, नकळत झालेली लघवी ही लक्षणं विचारावी लागतात. मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या आतल्या थराला चीर गेली असेल तर पक्षाघात तासांनी किंवा दिवसांनीही येतो. म्हणून संशय असेल तर मानेच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी लागते. ‘थोडा घसा बसलाय’ म्हणून कोमट पाणी पीत ओपीडी चालवणं हा उपाय नव्हे. आणि हा पुढचा इशाराही आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या संशोधनात, जोडीदाराने आधी कधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे ७ पट आढळली. बाकीच्या मारहाणीच्या रांगेत गळा दाबण्याला बसवू नये.

आता रुग्णांकडे येऊ. वरिष्ठांची अपेक्षा असते की घरी असं काही चालू असेल तर कामात दिसेलच: चुका वाढतील, रुग्णांशी चिडचिड होईल, तक्रारी येतील. काही जणींच्या बाबतीत तसं होतं. पण बहुतेकींच्या आयुष्यात हॉस्पिटल ही एकच जागा उरलेली असते जिथे त्यांच्या शब्दाला किंमत आहे आणि दार वाजलं तर छातीत धस्स होत नाही. ती जागा त्या जिवापाड जपतात. लवकर येतात, उशिरा जातात, दुसऱ्याच्या नाइट स्वतः मागून घेतात, नोट्स नको तितक्या नीट लिहितात. रुग्णसेवा ढासळते ती सगळ्यांत शेवटी. त्याआधी झोप जाते, मग अभ्यास, मग मैत्रिणी, मग फेलोशिपचा अर्ज, मग परिषदेला जाणं. म्हणून कामात चूक होण्याची वाट बघायची नाही. बघायचं ते रोस्टर, म्हणजे ड्यूटीचा तक्ता. हुशार मुलगी अचानक परीक्षेचा फॉर्म भरत नाही. सगळ्या सहलींना नाही म्हणते. ड्यूटी संपल्यावर पार्किंगमध्ये कुणीतरी रोज वेळेआधी येऊन थांबलेलं असतं आणि ती हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या डॉक्टरकडे रुग्ण सोपवताना, घड्याळाकडे बघत असते.

तो हँडओव्हर मात्र रुग्णाच्या दृष्टीने खरोखर धोक्याचा आहे. सेवा कोसळत नाही, पण काही ठरावीक जागी झिरपते, आणि त्या जागा ओळखता येतात. गडबडीचा हँडओव्हर ही एक. दुसरी झोप. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते हे १९९७ साली प्रयोगाने दाखवलं गेलं. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीवर जाते. रात्रभर भांडण करून सकाळी ८ ला ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहणारी सर्जन सुट्टीवरून ताजी होऊन आली, असं रोस्टर सांगतं. कामाच्या तासांवर मर्यादा घालणाऱ्या कुठल्याही नियमाला हे जागरण दिसत नाही. तिसरी जागा फोन. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत औषधं देणाऱ्या परिचारिकांचं निरीक्षण झालं; कामात आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे औषधातल्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढताना दिसल्या. आता लहान मुलाच्या वजनावरून डोस काढणाऱ्या डॉक्टरच्या खिशात दर दहा मिनिटांनी थरथरणारा फोन कल्पून बघा. तिला तो बंद करता येत नाही, कारण न उचलल्याचा हिशेब रात्री होतो. इथे साधा उपाय चालतो: डोस काढताना, रक्ताची पिशवी तपासताना, संमतीपत्रावर बोलताना सगळ्यांचेच फोन ट्रेमध्ये, हा युनिटचा नियम. सगळ्यांना लागू असला की तो तिला घरी सांगता येतो.

चौथी जागा सर्वांत नाजूक. समोर जी रुग्ण बसली आहे तिच्या दंडावर तीच खूण असते.

इथे दोन प्रकारे घसरायला होतं. एक, विचारायचंच नाही. डोकेदुखीची गोळी लिहून पाच मिनिटांत केस संपते. नवऱ्याला बाहेर थांबवायला हवं हे माहीत असतं, पण तोंडातून निघत नाही, कारण उत्तर ऐकायची ताकद त्या दिवशी नसते. दुसरं, फार जोरात विचारायचं. रुग्णाचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिला सांगायचं, ‘आजच्या आज निघा तिथून.’ डॉक्टरला स्वतःला जे जमलं नाही ते रुग्णाकडून करवून घ्यायची ही धडपड असते, आणि ती घातक ठरू शकते. कारण सोडून जाण्याच्या सुमारास आणि गेल्यानंतरच्या काळात धोका वाढतो, कमी होत नाही. तयारीशिवाय निघालेल्या बाईला त्याची किंमत मोजावी लागते.

या दोन्हींवर उतारा म्हणजे ठरलेली भाषा. मनाची अवस्था काहीही असो, प्रश्न तेच आणि त्याच क्रमाने. आधी एकांत: ‘तपासणीसाठी मी सगळ्यांनाच एकट्याने आत घेते.’ मग, ‘अशा दुखण्यामागे कधी कधी घरातला त्रास असतो, म्हणून मी विचारते. घरी तुम्हाला कुणाची भीती वाटते का? कुणी मारतं, धमकावतं का?’ उत्तर ‘हो’ आलं तर जागतिक आरोग्य संघटनेचा पाच टप्प्यांचा साधा क्रम आहे: ऐकणं, गरज विचारणं, विश्वास दाखवणं, सुरक्षिततेचा विचार करणं, मदतीशी जोडून देणं. निर्णय रुग्णाचा. यानंतर डॉक्टरला दहा मिनिटं खुर्चीतून उठू द्यायला हवं, आणि ती केस झेपत नसेल तर कारण न सांगता सहकाऱ्याकडे देता यायला हवी. ‘ही तू बघशील का?’ एवढं वाक्य पुरेसं ठरेल असा विभाग फार थोड्या ठिकाणी असतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उत्तराआधीची ती अर्ध्या सेकंदाची शांतता जिला ऐकू येते, ‘मग राहतेस कशाला तिथे?’ हा प्रश्न जी कधीच विचारत नाही, परत नवऱ्याकडे गेलेल्या रुग्णावर जी रागावत नाही, ती डॉक्टर अनेकदा यातून गेलेली असते. त्याच ऑस्ट्रेलियन संशोधकांनी पुढे २०१९ साली हे तपासलं. स्वतः हिंसा सोसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचं या रुग्णांबाबतचं काम कमी पडतं असं दिसलं नाही. उलट काही बाबतींत त्या अधिक तयारीच्या आढळल्या. तेव्हा सहानुभूतीच्या नावाखाली तिला अशा केसेसपासून दूर ठेवणं, किंवा ‘थोडे दिवस घरी आराम कर’ म्हणून रजेवर पाठवणं हा उपकार नव्हे. घर हीच तर जागा आहे.

सहकाऱ्याने काय करावं? दार बंद असलेली खोली, फोन बाजूला, घाई नसलेली वेळ. राउंडनंतरचा कॉरिडॉर नव्हे. ‘गेले काही महिने तू परीक्षेचं नाव काढत नाहीस, आणि फोन आला की तुझा चेहरा उतरतो. घरी सुरक्षित आहेस ना?’ दिसलेली गोष्ट आधी, प्रश्न नंतर. ती ‘काही नाही’ म्हणाली तर विषय सोडावा, पण दार उघडं आहे हे सांगून. पहिल्या विचारण्यात फार थोड्या बोलतात. नवऱ्याशी ‘जरा बोलून बघतो’ हे कधीही करू नये. त्या बोलण्याचा परिणाम त्याच रात्री तिच्यावर होतो.

विचारणारी व्यक्ती कोण, यालाही महत्त्व आहे. जो तिचं मूल्यमापन करतो, ज्याच्या सहीवर तिचा सक्तीच्या सेवेचा बॉण्ड सुटतो, त्याच्याकडे ती खरं बोलेल ही अपेक्षा भाबडी आहे. मूल्यमापनाच्या साखळीबाहेरची एक व्यक्ती आणि तिची लेखी गुप्तता, एवढी सोय प्रत्येक रुग्णालयाला फारशा खर्चाशिवाय करता येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ सालच्या १९० क्रमांकाच्या कराराने घरगुती हिंसेचा कामाच्या ठिकाणी होणारा परिणाम मान्य केला, आणि सोबतच्या २०६ क्रमांकाच्या शिफारशीत पीडितांसाठी रजा, लवचीक वेळा, नोकरीवरून काढण्यापासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाच्या ठिकाणच्या धोक्यांच्या यादीत घरगुती हिंसेचा समावेश या गोष्टी नोंदवल्या आहेत. रुग्णालयात याचं भाषांतर अगदी बारीक गोष्टींत करावं लागतं. टेलिफोन ऑपरेटरने तिच्या ड्यूटीच्या वेळा कुणालाही सांगायच्या नाहीत, ‘मी नवरा बोलतोय’ म्हटलं तरी. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोस्टर पडतं त्यात तिच्या नवऱ्याचे मित्र आहेत का ते बघायचं. रात्री गाडीपर्यंत सुरक्षारक्षक. येण्या-जाण्याची दारं आणि वेळा बदलत्या.

तिने स्वतःसाठी करायचं ते थोडं आहे, पण क्रमाने हवं. तपासणी आपल्या हॉस्पिटलाबाहेर, पूर्ण नोंदीसह करून घ्यावी. आपल्याकडेच करावी लागली तर फाइल मर्यादित लोकांनाच उघडेल आणि कुणी उघडली याची नोंद राहील अशी मागणी करावी. जखमेचे फोटो तीन अंतरांवरून: चेहऱ्यासह, मधून, आणि जवळून मोजपट्टी ठेवून, एक-दोन दिवसांनी पुन्हा, कारण वळ तेव्हा अधिक स्पष्ट दिसतात. वळाच्या रंगावरून तारीख ठरवू नये, ते शास्त्र फार कच्चं आहे. आणि हे फोटो आपल्या रोजच्या फोनवर काढण्याआधी क्लाउड बॅकअप बंद आहे ना ते पाहावं. नाहीतर पाच मिनिटांत ते घरच्या टॅबवर दिसतात. पदवी, रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, पासपोर्ट यांच्या मूळ प्रती घराबाहेर हलवाव्यात. डॉक्टरच्या बाबतीत दागिन्यांआधी ही कागदपत्रं लपवली जातात, कारण त्यांच्याशिवाय दुसऱ्या गावात नोकरी सुरू होत नाही.

जागतिक वैद्यकीय संघटनेने २०१७ साली जिनिव्हाच्या शपथेत एक नवं कलम घातलं: सर्वोत्तम सेवा देता यावी म्हणून डॉक्टर स्वतःचं आरोग्य आणि कुशलताही जपेल. ते कलम बहुतेक ठिकाणी योग, व्यायाम आणि तणावमुक्तीच्या व्याख्यानांपुरतं वाचलं जातं. त्याच सभागृहात ती बसलेली असते, श्वासाचा व्यायाम करत, खिशातला फोन थरथरत असताना.

बाहेर पडल्यानंतरचं पहिलं वर्ष विभागाने आधीच धरून चालायला हवं. न्यायालयाच्या तारखा ओपीडीच्याच दिवशी येतात, त्याही अचानक बदलतात. तेव्हा त्या वर्षात तिची ओपीडी शक्यतो दोघांनी मिळून चालवावी, म्हणजे रुग्ण परत जात नाहीत आणि तिला दर वेळी उपकार मागावे लागत नाहीत. धमकी दिलेली ती तक्रार बहुधा याच काळात कौन्सिलकडे जाते. त्या तक्रारीची तारीख आणि घर सोडल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की बरंच कळतं, आणि विभागप्रमुखाने कौन्सिलला लिहिलेल्या उत्तरात या दोन्ही तारखा असायला हव्यात.